एक लाख रुपये आणि एक कंपनी

बी.कॉम. किंवा बी.एम.एस. करणाऱ्या मुलांना हल्ली एक प्रकल्प हमखास मिळतो. शेअर बाजारातली एक कंपनी निवडायची, तिचा अभ्यास करायचा आणि समजा आपल्याकडे एक लाख रुपये असतील तर ते या कंपनीत घालावेत की नाही, हे कारणे देऊन लिहायचे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रकल्प येऊन गेला असेल. मुले इंटरनेटवरून पंधरा-वीस पाने उतरवतात, रंगीत आलेख चिकटवतात, स्पायरल बाइंडिंग करून देतात आणि गुणही मिळवतात. मला मात्र वाटते की या प्रकल्पाचे अर्धे शिक्षण त्याच्या पहिल्या ओळीत आहे. कंपनी कोणती निवडली आणि का निवडली?

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. ताळेबंद हा माझा विषय नव्हे. पण माझी भाची कॉलेजसाठी रत्नागिरीत आमच्याकडे राहते आणि गेल्या वर्षी हा प्रकल्प घेऊन ती माझ्यासमोर बसली. "खाला, तुम्ही मराठी तेवढं तपासून द्या," एवढीच तिची मागणी होती. मी म्हटले, मराठी नंतर बघू, आधी मला समजेल असे सांग.

या प्रकल्पाला आमच्या घरात गुणांपेक्षा जास्त वजन होते, ते का, हे सांगायला हवे. तिचे अब्बा, म्हणजे माझे दुल्हेभाई, एकोणीस वर्षे कतारला होते आणि नुकतेच कायमचे परतले आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांनी एका योजनेत सहा लाख रुपये घातले होते. व्याज नाही, हलाल नफा. लाखाला महिना तीन हजार. कागदावर बिस्मिल्लाह आणि पैसे गोळा करणारा माणूस ओळखीतला, जमातीत उठबस असलेला. अकरा महिने पैसे आले. मग एक महिना उशीर झाला, मग कार्यालयाला कुलूप लागले. अशी घरे एकटीदुकटी नाहीत. जून 2019 मध्ये बेंगळुरूची आयएमए कोसळली तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत अशाच 'हलाल नफ्या'च्या नावाखाली गेली होती. तेव्हापासून दुल्हेभाईंचा हिशेब पक्का झाला होता: बँकेचे व्याज हराम, शेअर बाजार जुगार, योजना म्हणजे फसवणूक. उरलेला पैसा थोडा सोन्यात, बाकी नुसता खात्यात पडून. आणि तरीही, परत आल्यावर तीन महिन्यांच्या आत कुणीतरी नवी योजना घेऊन त्यांच्या ओट्यावर येऊन बसू लागले होते.

भाचीने पहिल्यांदा तीन नावे काढली होती. ॲपल, एक मोठी खासगी बँक आणि घरपोच जेवण पोहोचवणारी एक कंपनी. कारण विचारले तर म्हणाली, सगळे हीच घेतात, माहिती भरपूर मिळते. बँकेचा अभ्यास करायला हरकत काहीच नाही, अभ्यास हराम नसतो. पण बँकेची मुख्य कमाईच व्याजाची. त्यामुळे हा प्रकल्प तिचे अब्बा उघडूनही बघणार नव्हते. राहिल्या दोन. त्यांच्याबद्दल मी तिला एकच विचारले: या कंपनीत काम करणारा, तिला माल देणारा किंवा तिच्याकडून माल घेणारा एक तरी माणूस तुला भेटू शकतो का? भेटला तर त्याला काय विचारशील? ती गप्प राहिली. मग आम्ही आपल्या जिल्ह्याची यादी करायला बसलो.

यादी करतानाच पहिला धडा मिळाला. तिने आधी कोकण रेल्वे लिहिली. पण ही कंपनी केंद्र सरकार आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ या राज्यांनी मिळून काढलेली. तिचा शेअर तुम्हा-आम्हाला बाजारात मिळत नाही. मग मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतली गद्रे मरीन. मिरकरवाडा बंदरावर उतरणाऱ्या मासळीवर आपल्या किती घरांच्या चुली पेटतात, म्हणून हे नाव तिला सुचले. सुरिमी, म्हणजे माशाच्या मांसाचा लगदा, परदेशी पाठवणारी ही मोठी कंपनी. पण ती प्रायव्हेट लिमिटेड आहे, म्हणजे बाजारात नाही. कंपनी मोठी असणे आणि बाजारात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला पुस्तकातून कळले असते, पण असे लक्षात राहिले नसते. पुढे जयगडचे जेएसडब्ल्यूचे 1200 मेगावॅटचे वीज केंद्र आणि गोळप-रनपारची फिनोलेक्स. या दोन्ही बाजारातल्या.

पाचवे नाव मी घातले. एन्रॉन. तिने ते ऐकलेच नव्हते.

आमच्या पिढीला हे सांगावे लागत नाही. गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ उभा राहिलेला दाभोळ वीज प्रकल्प आमच्या शाळा-कॉलेजच्या वर्षांत रोज पेपरात असायचा. 1992 मध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी बोलणी सुरू झाली, 1993 मध्ये वीजखरेदीचा करार झाला, 1995 च्या निवडणुकीत प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषणे झाली, त्याच वर्षी नव्या सरकारने तो रद्द केला आणि पुन्हा वाटाघाटी करून चालूही केला. मे 1999 मध्ये 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. मे 2001 मध्ये तो बंद पडला. 2 डिसेंबर 2001 रोजी अमेरिकेत एन्रॉनने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांनी पुढाकार घेऊन रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी काढली आणि तो सांगाडा तिच्या हाती दिला.

आता मुद्दा असा. ऑगस्ट 2000 मध्ये एन्रॉनचा एक शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात सुमारे 90 डॉलरला विकला जात होता. 'फॉर्च्युन' हे नामांकित मासिक तिला सलग सहा वर्षे अमेरिकेतली सर्वांत कल्पक कंपनी म्हणत होते. त्या वर्षी एखाद्या विद्यार्थ्याने एन्रॉन निवडून "एक लाख जरूर गुंतवावेत" असे लिहिले असते तर त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. नोव्हेंबर 2001 च्या अखेरीस तोच शेअर एका डॉलरच्याही खाली आला होता. कंपनीच्याच हजारो कर्मचाऱ्यांची निवृत्तीची पुंजी त्या शेअरमध्ये होती, ती संपली. हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही जगातली मोठी लेखापरीक्षण कंपनी, तीही या प्रकरणाने बुडाली.

कुणालाच कसे कळले नाही, असे भाचीने विचारले. कळले होते. मार्च 2001 मध्ये त्याच 'फॉर्च्युन'मध्ये बेथनी मॅक्लीन या तरुण पत्रकार बाईंचा लेख आला. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता: ही कंपनी पैसे नेमके कमावते कशातून? आणि त्याचे सरळ उत्तर मिळत नव्हते. एन्रॉन पुढच्या अनेक वर्षांत मिळेल असे वाटणारा नफा आजच वहीत जमा दाखवत होती आणि आपली कर्जे वेगळ्या काढलेल्या छोट्या कंपन्यांच्या नावावर लपवत होती. नफा कागदावर होता, पैसा तेवढा येत नव्हता.

इकडे अंजनवेलमध्येही दुसरा साधा प्रश्न विचारता आला असता: ही वीज घेणार कोण, आणि त्याला ती परवडणार आहे का? घेणारे गिऱ्हाईक एकच, आपले वीज मंडळ. वीज तयार होणार परदेशी इंधनावर, दर डॉलरशी बांधलेला आणि वीज कमी घेतली तरी ठरावीक रक्कम द्यायचीच. मंडळाला ते झेपले नाही, बिले थकली आणि यंत्रे थांबली. एकाच दुकानदाराला सगळा माल उधार घालणाऱ्या माणसाचे जे होते, तेच झाले.

हे दोन प्रश्न भाचीने वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले. एन्रॉनचा शेअर आता नाही, त्यामुळे प्रकल्पासाठी तिने फिनोलेक्स इंडस्ट्रीज निवडली. घरात बागेच्या शिंपणाला, विहिरीच्या पंपाला, न्हाणीघराला जे पाइप आहेत ते बनवणारी कंपनी. गोळपच्या रस्त्यावरून जाताना कारखाना दिसतो, समुद्रात त्यांची स्वतःची जेट्टी दिसते आणि शहरातले 1996 चे अभियांत्रिकी कॉलेज त्यांच्याच नावाचे. कराचीत जन्मलेले प्रल्हाद छाब्रिया कोवळ्या वयात पुण्यात आले, कापड दुकानात नोकरी करत वाढले आणि पुढे त्यांनी भावासह हा व्यवसाय उभा केला. ही गोष्ट तिला फार आवडली. दोन पाने तिने त्यावरच भरली. मी ती दहा ओळींवर आणायला लावली. संस्थापकाच्या कष्टाबद्दल आदर असावा. एक लाख रुपये मात्र आजच्या धंद्याला द्यायचे असतात.

मग पहिला प्रश्न: पैसे कशातून मिळतात? जहाजाने परदेशातून कच्चे रसायन येते, रत्नागिरीत त्याची पीव्हीसीची पांढरी भुकटी होते आणि त्या भुकटीचे पाइप होतात. भुकटीची क्षमता वर्षाला सुमारे 2.7 लाख टन. पाइपचे कारखाने रत्नागिरीबरोबर पुण्याजवळ उर्से आणि गुजरातेत मासर येथे आहेत. दुसरा प्रश्न: घेतो कोण? मुख्यतः शेतकरी आणि त्यानंतर घर बांधणारे. माल हजारो विक्रेत्यांमार्फत जातो आणि रोख पैसे घेऊन माल देण्याचे कंपनीचे धोरण आहे. हे ऐकण्यात आणि बघण्यात फरक असतो, म्हणून मी तिला ओळखीच्या हार्डवेअरच्या दुकानात पाठवले. पाइप कधी जास्त खपतात, भाव कधी पडतो, दुसऱ्या कुठल्या कंपन्यांचे लोक मागतात, हे तिने दुकानदाराला विचारले. पावसाळ्यात खप मंदावतो आणि उन्हाळ्यात पाइप पुरत नाहीत, ही गोष्ट तिला आधी त्या दुकानात कळली आणि नंतर कंपनीच्या तिमाही आकड्यांत दिसली. त्या दिवशी ती ज्या उत्साहाने घरी आली, तो मी वर्गात फार थोड्या वेळा पाहिला आहे.

मग आकडे. कंपनीचा वार्षिक अहवाल कंपनीच्या आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. तीनशे पानांचा अहवाल बघून घाबरायला होते. आम्ही फक्त पाच जागा शोधल्या. पाच-सहा वर्षांची विक्री आणि नफा, धंद्यातून प्रत्यक्ष हातात आलेली रोकड, कर्ज, मालकांच्या हातात किती शेअर आहेत आणि त्यातले किती गहाण आहेत, आणि लेखापरीक्षकाने काही आक्षेप नोंदवला आहे का. नफा आणि रोकड ही दोन्ही वर्षानुवर्षे साधारण बरोबरीने चालली पाहिजेत. नफा वाढतोय आणि रोकड येत नाही, असे सतत दिसले तर एन्रॉन आठवावी.

नफ्याच्या रकान्यात तिला धक्का बसला. 2021-22 मध्ये हजार कोटींच्या वर असलेला नफा पुढच्याच वर्षी एकचतुर्थांशाच्या आसपास आलेला. कंपनी बुडते आहे का, असे तिने विचारले. मी तिला आमच्या हापूसच्या बागेकडे बोट दाखवले. हापूस एक वर्षाआड भरभरून येतो, हे कोकणातल्या पोरालाही माहीत असते. भरल्या वर्षाचे उत्पन्न बघून बागेची किंमत लावणारा फसतो आणि रिकाम्या वर्षी बाग कवडीमोलाने विकणाराही फसतो. पीव्हीसीचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. कच्चे तेल, डॉलर, चीनमधली मागणी यांवर तो वर-खाली होतो आणि कंपनीचा नफा त्याच्यामागे फिरतो. अशा कंपनीचे एक वर्ष बघायचे नसते, निदान सात-आठ वर्षांची सरासरी बघायची. एखाद्या वर्षी नफा जमीन विकूनही फुगलेला असू शकतो. तेही टिपांमध्ये लिहिलेले असते.

बागेच्याच उदाहरणाने शेअरचा भावही समजला. सरासरी वर्षाला खर्च जाऊन एक लाख देणारी बाग कुणी दहा लाखांना देत असेल तर विचार करू. तीच साठ लाखांना मागितली तर बाग कितीही सुंदर असो, आपण चहा पिऊन परत येऊ. शेअरचा भाव भागिले एका शेअरवरचा वर्षाचा नफा, हे गुणोत्तर म्हणजे हाच प्रश्न. तो एकट्या कंपनीला विचारून उपयोग नसतो, म्हणून तिने शेजारी सुप्रीम इंडस्ट्रीज आणि ॲस्ट्रल या पाइप बनवणाऱ्या दुसऱ्या दोन कंपन्यांचे आकडे मांडले. छाब्रिया कुटुंबातल्या चुलत भावांचा फिनोलेक्स केबल्सवरच्या ताब्याचा वाद न्यायालयांत गेलेला आहे, हेही तिने जोखमीच्या प्रकरणात लिहिले. गावच्या कंपनीबद्दल चांगले तेवढेच लिहायचे, असा मोह तिला होत होता. पण आपल्याच गावची आहे म्हणून एखाद्याला पैसे देणे आणि आपल्याच जमातीचा आहे म्हणून देणे यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आपल्या घरांसाठी आणखी एक चाळणी असते. मूळ धंदा हलाल आहे का, कंपनीवर व्याजाचे कर्ज किती, तिच्या उत्पन्नात व्याजाचा हिस्सा किती? हे मोजून शरिया निर्देशांक तयार होतात. मुंबई शेअर बाजाराने डिसेंबर 2010 मध्ये असा निर्देशांक सुरू केला होता आणि राष्ट्रीय शेअर बाजाराचाही निफ्टी 50 शरिया आहे. कर्जाची मर्यादा कुणी एकतृतीयांश धरतात, कुणी त्याहून कडक. आकडा अहवालातून काढता येतो. निर्णयासाठी जाणत्या आलिमांना विचारावे. या चाळणीचा एक दुनियादारीचा फायदाही आहे: कर्जात बुडालेल्या कंपन्या आपोआप बाजूला पडतात. मात्र चाळणीतून उतरली म्हणजे कंपनी फायद्याची, असे मुळीच नाही. हलाल मासळीसुद्धा ताजी आहे की नाही हे कल्ला उघडून बघावेच लागते.

प्रकल्पाच्या शेवटी तिने लिहिले: कंपनी समजते, गिऱ्हाईक पुष्कळ आहेत, पण नफा भावाच्या लाटेवर चालतो, म्हणून एक लाखातले पंचवीस हजार या कंपनीत, तेही चार हप्त्यांत, आणि बाकीच्या पैशांसाठी वेगळ्या धंद्यातल्या कंपन्या अशाच अभ्यासून. मला हे उत्तर पटले की नाही, हा मुद्दा गौण आहे. "घेऊ नका" असे तिने लिहिले असते तरी प्रकल्प तेवढाच पूर्ण होता. आणि तो घेण्याचा सल्ला म्हणून मी इथे देत नाही. आज तुम्ही हे वाचाल तेव्हा भावही वेगळा असेल, आकडेही वेगळे.

ईदच्या सुट्टीत तिने तो प्रकल्प अब्बांना वाचून दाखवला. दुल्हेभाई शांतपणे ऐकत होते. फिनोलेक्समध्ये त्यांना रस नव्हता. त्यांनी एवढेच विचारले, "ते पहिल्या पानावरचे प्रश्न परत वाच." पैसे कशातून मिळतात? घेतो कोण? हिशेब कोण तपासतो, आणि तो मला बघायला मिळेल का? तिसरा प्रश्न तिने अँडरसनची हकीकत वाचून स्वतः जोडला होता. त्यांनी ते एका कागदावर उर्दूत लिहून घेतले. पुढच्या आठवड्यात ओट्यावर येणाऱ्या त्या माणसाला त्यांनी चहा दिला आणि हे तीन प्रश्न एकामागून एक विचारले. पहिल्याला उत्तर आले, "सोन्याच्या व्यापारातून." दुसऱ्याला तो अडखळला. तिसऱ्याला म्हणाला, "भाई, आपल्या लोकांत हिशेब कसला मागता? विश्वास ठेवा." दुल्हेभाईंनी त्याला पैसे दिले नाहीत. शेअरही त्यांनी अजून घेतलेला नाही. डिमॅट खाते उघडायचे की नाही यावर त्यांचे आणि लेकीचे अजून वाद चालतात. आपा म्हणते, निदान आता दोघे एका विषयावर बोलतात तरी.

कुरआन शरीफमध्ये कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे, तीही साक्षीदारांसह, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. मग हिशेब मागणे म्हणजे अविश्वास, ही समजूत आपल्यात आली कुठून? तुमच्या घरी असा प्रकल्प आला तर एवढे करा. कंपनी जवळची निवडायला सांगा, जिचा माल मुलाने हाताळलेला आहे अशी. नाशिक, सोलापूर, औरंगाबाद, कुठेही राहत असाल, एखादी सापडेलच. एका दुकानदाराशी आणि तिथे काम करणाऱ्या एका माणसाशी त्याला बोलू द्या. मग रात्री जेवणे झाल्यावर त्याला सगळ्यांसमोर उभे करा आणि ही कंपनी पैसे कशी कमावते ते घरच्या भाषेत सांगायला लावा. दादीला समजले नाही तर मुलाला पुन्हा अहवाल उघडायला लावा.